चवळीच्या पोटात कोण?

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. किती जुनी, ते विचारू नका. घोड्याचं वय दात बघून सांगतात आणि माझ्या तोंडात डोकावलेली माणसं अलीकडे वय सांगायचं सोडून नुसतं 'अरेरे' म्हणतात. माझं नाव चवळी. अंगाचा रंग मळकट पांढरा आणि कपाळावर एकच काळा डाग, चवळीच्या दाण्याला असतो तसा.

माझा जन्म भीमथडीचा. तिकडच्या तट्टांना डौल कमी आणि चिकाटी फार, असं म्हणतात. डौलाचं मला पटत नाही, पण ते असो. ऐन उमेदीत मला चिंचवडच्या दत्तोबाने आणलं आणि स्टेशनावरच्या आपल्या तांग्याला जुंपलं. तेव्हापासून माझं सगळं आयुष्य त्याच रस्त्यांवर गेलं. स्टेशन ते गाव, गाव ते आकुर्डी, कधी तळवडं, आणि सवारी तालेवार असली तर थेट चाकणपर्यंत.

आता माझी खोड सांगते. मी फार चौकस आहे. कोण आलं, गाठोड्यात काय आहे, नवरा-बायको एकमेकांशी का बोलत नाहीत, हे सगळं कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि नशीब बघा, नेमकी मलाच डोळ्यांना झापडं. घोडा बुजू नये म्हणून तांग्याच्या घोड्याला ती बांधतात. समोरचा रस्ता तेवढा दिसतो, बाजूचं जग बंद. पण कान कोणी झाकले नव्हते. उभा जन्म मी जग कानांनीच पाहिलं. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातली नवी दुकानं मी वासावरून ओळखायची. पुढे पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, तेव्हा वळकट्या घेऊन मराठवाड्यातली, कोकणातली माणसं आमच्या तांग्यात बसू लागली. त्यांच्या नाना तऱ्हेच्या बोली ऐकता ऐकता चढ कधी संपायचा ते कळायचं नाही.

त्या काळात माझं कौतुक फार होतं. "दत्तोबाच्या चवळीवर बसला त्याची गाडी चुकत न्हाई," असं स्टँडवर म्हणत. दत्तोबा रोज खरारा करायचा, तोबऱ्यात भिजवलेले हरभरे घालायचा. त्याची बायको सोजराबाई माझ्याशी फार बोलायची नाही. येता-जाता कपाळावरच्या डागावर हात ठेवायची, बस्स. ती एकूणच कमी बोलायची. तिच्या त्या गप्प राहण्यामागे काय आहे, याचंही मला कुतूहल होतंच.

एका वैशाखात दत्तोबाने आपल्या जमिनीच्या तुकड्यात धनगरांची मेंढरं बसवली. पेरणीच्या आधी आपल्या रानात मेंढरांचा तळ पडावा, लेंड्यांनी जमिनीला खत मिळावं, म्हणून इकडचे शेतकरी धनगरांना मुद्दाम बोलावतात. माझे नाल बदलायचे होते, पाय हुळहुळे झाले होते, म्हणून दत्तोबाने मलाही त्याच रानात मोकळं सोडलं. झापडं नाहीत, लगाम नाही! धनगरांच्या बिऱ्हाडात ओझं वाहणारा एक काळा तट्टू होता. देखणा नव्हता, पण सगळा मुलूख फिरलेला. कोकणात समुद्र असतो आणि त्याचं पाणी पिता येत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं. आमची ओळख चांगली वाढली. पुढचं सांगायची आमच्यात रीत नाही. धनगर गेले, माझे नाल बसले आणि मी पुन्हा तांग्याला लागले.

दिवाळी सरली आणि माझ्या अंगात काहीतरी वेगळंच चाललंय असं मला वाटू लागलं. भूक वखवखल्यासारखी. चढावर दम लागे. पोटाला सुटलेला घेर तर मला स्वतःलाच जाणवायचा. आणि एके सकाळी, उभ्या उभ्या, मला कोणीतरी लाथ मारली. मी दचकून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पुन्हा लाथ! या खेपेला कळलं की लाथ मारणारं जे कोणी आहे ते माझ्या आतच आहे.

मित्रांनो, मला त्याआधी कधी पोर झालं नव्हतं. आत कोण शिरलं, कसं शिरलं, बाहेर कधी येणार, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. घाबरण्याऐवजी मला त्याची फार मौज वाटू लागली. मी कान मागे वळवून ऐकत उभी राहायची.

स्टँडवर मात्र माझ्या पोटाची पंचाईत सुरू झाली. जितकी तोंडं तितकी निदानं. एकाला वाटलं वात धरलाय. दुसरा म्हणाला दृष्ट लागली. दत्तोबाचा शेजारी तांगेवाला कोंडाजी तर आपण अर्धे गुरांचे डॉक्टरच आहोत अशा थाटात वागायचा.

"जंत झाल्यात जंत," तो म्हणाला. "एवढा जमालगोटा गुळातनं चार तिला. समदं मोकळं हुतंय का न्हाई बघ. आन तवर तंग आवळून बांध. पोटाला सैल सोडलं का ते सुटतंच, मानसाचं आसू दे न्हाईतर घोड्याचं."

असं म्हणणाऱ्या कोंडाजीचं स्वतःचं पोट सदऱ्यात मावत नव्हतं. पण दत्तोबाला ते पटलं. पोटाखालचा पट्टा, ज्याला आम्ही तंग म्हणतो, तो त्याने आवळला. आतून जोराची लाथ आली. माझ्याप्रमाणेच त्यालाही तो पट्टा आवडला नव्हता.

जमालगोट्याची पुडी घेऊन दत्तोबा घरी आला, तेव्हा सोजराबाई मला पाणी दाखवत होती. थंडीचे दिवस, सकाळचं गार पाणी. मी घटाघटा प्यायले आणि माझी कूस टुण्णकन उडाली. सोजराबाईने घमेलं खाली ठेवलं, कुशीवर हात ठेवला आणि पुढची लाथ येईपर्यंत काढला नाही.

"आवं, चवळी गाभण हाय," ती म्हणाली.

"येडी का खुळी तू? वय काय तिचं! दात बघ तिच्या तोंडातलं."

"दातात न्हाई, पोटात हाय. हात लावून बघा की."

दत्तोबाने हात ठेवला. आतल्याने त्याला अशी सलामी दिली की त्याने हात झटकन मागे घेतला आणि पुडी उकिरड्यात टाकली. मग त्याला वैशाखातला तळ आठवला, काळा तट्टू आठवला आणि तो धनगरांच्या नावाने बराच वेळ बोलत राहिला. धनगर तोवर समुद्राकाठी होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरांचे सरकारी डॉक्टर लक्ष्मणराव सायकलवरून आले. त्यांनी शांतपणे तपासलं आणि सगळं सरळ सांगितलं. "दिवस फार पुढे गेलेत, आता बाकी काही करण्याची वेळ राहिलेली नाही. वय जास्त आणि वेत पहिलं, म्हणजे धोका आहे. दोघांनाही. रोज थोडं फिरवा, बांधून ठेवू नका. तंग बंद. चांगला चारा द्या, कोणाचंही गावठी औषध देऊ नका. आणि माघ लागला की तांगा बंद म्हणजे बंद. कास भरली की मला बोलवा." दत्तोबाने प्रत्येक वाक्याला मान हलवली.

मान हलवणं सोपं असतं. मी जन्मभर तेच करत आले आहे.

माघ लागला आणि दत्तोबाची झोप उडाली. आमच्याकडे समज असा की गाभण जनावराच्या गाडीत बसलं तर पाप लागतं. बातमी फुटली असती तर एकही सवारी तांग्यात चढली नसती. शिवाय त्याला लाज वाटत होती. म्हाताऱ्या घोडीला दिवस गेले म्हटल्यावर स्टँडवर काय काय विनोद होतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्यांवर तसले विनोद करण्यात तोच पुढे असायचा. तांगा घरी ठेवावा तर स्टँडवरचा नंबर जाईल ही धास्ती. मग त्याने एक युक्ती काढली. लग्नाच्या वरातीत वापरायची लाल झूल, कडेला पिवळी झालर लावलेली, त्याने संदुकीतून गुपचूप काढली आणि घरापासून दूर, कोपऱ्यावर माझ्या अंगावर चढवली. पार गुडघ्यांपर्यंत.

घरी त्याने सोजराबाईला सांगितलं, "नुसती फिरवून आणतो. डाक्टरनीच सांगितलंय." आणि कोपऱ्यावर तांगा जुंपला.

खरं सांगते, पहिले काही दिवस मी त्या झुलीवर खूश होते. "चवळी नवरी दिसतीया!" असं लोक म्हणायचे आणि मी मान उंच करून चालायची. पण फाल्गुनाचं ऊन वाढलं, झुलीखाली घामाच्या धारा लागल्या. तंग सैल होता, पण तांग्याचं ओझं सैल नव्हतं. आतल्याच्या लाथा कमी झाल्या. आधी मला लाथांचं नवल वाटायचं, आता लाथ आली नाही की काळजी वाटे. मी कान मागे करून उभी राहायची. काय झालं रे? रागावलास का? विचारावं तर विचारायचं कसं?

अशात एके दुपारी पुण्याच्या गाडीने तळवड्याचे अर्जुनराव उतरले. बरोबर त्यांची लेक इंदू, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघालेली. अर्जुनराव मोठे बागाईतदार, बोलायला सढळ. लेकीला मागच्या बाजूला बसवून ते दत्तोबाशेजारी पुढे बसले आणि दत्तोबाने मला हाकललं.

निगडीपर्यंत मी कशीबशी गेले. मग चढ लागला. अर्ध्यावर माझे पाय थरथरले. पोटात अशी काही कळ उठली की मी जागीच थांबले. दत्तोबाने लगाम झटकला, चुचकारलं, शेवटी चाबूक नुसता हवेत वाजवला. मी पाऊल टाकायला गेले आणि घसरले. पडले नाही, पण झूल एका बाजूला सरकून खाली लोंबली.

मागून इंदू उतरली. तिचं चालणं मी कानांनीच ओळखलं, माझ्यासारखंच जड. ती पुढे आली, माझं पोट पाहिलं आणि तिने माझी झापडं वर केली. तेव्हा मी तिला पाहिलं आणि तिचंही पोट पाहिलं.

"बाबा, ही गाभण हाय," ती म्हणाली.

अर्जुनराव टुणकन खाली उतरले. "काय रं दत्तोबा? माझ्या पोटुशा लेकीला गाभण घोडीमागं बसवलीस? ह्ये पाप कुनाच्या माथी?"

दत्तोबा सरकलेली झूल वर ओढू लागला. "सायेब... नंबर जाईल म्हून... लोक हासतील म्हून..."

"पापाचं नंतर बघा," इंदू म्हणाली. तिचा हात माझ्या कुशीवर होता. "किती घामेजलीया ही. सोडा तिला आधी. म्या चालत जाते."

"तू चालत? या उन्हात? खुळी हायेस का?"

"मंग ती वढत न्हेणार का मला? तिची गत माझ्यावानीच हाय की."

आता झाली पंचाईत. घोडीला जुंपायचं नाही, लेकीला चालवायचं नाही, आणि आजूबाजूला दुसरी गाडी नाही. दत्तोबाने मला सोडलं. मग त्याने मुंडासं घट्ट केलं आणि स्वतःच दोन दांड्यांच्या मध्ये शिरला. अर्जुनरावांनी कोट काढून लेकीच्या मांडीवर टाकला आणि तेही बाजूला येऊन उभे राहिले. इंदू तांग्यात, दोघं पुरुष दांड्यांना, आणि मी तांग्यामागे मोकळी! जन्मात पहिल्यांदा तांगा मागून कसा दिसतो ते मी पाहिलं. चाकं भलतीच कुरकुरत होती.

रानात गव्हाच्या काढणीला माणसं होती. त्यांनी विळे टाकले आणि बांधावर येऊन उभी राहिली.

"दत्तोबा, सांजच्याला हरभरं खानार का कडबा?"

"अर्जुनराव, नाल मारून घ्या की पायाला!"

ज्या हसण्याला दत्तोबा इतके महिने भीत होता ते हसणं त्या रस्त्यावर पोटभर झालं. त्याने मान वर केली नाही. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता, पाठीवरून घाम निथळत होता. तळवड्याच्या वेशीत दांड्या खाली ठेवल्यावर तो माझ्याकडे आला आणि माझ्या मानेला कपाळ टेकवून उभा राहिला. त्याला आता वजन कळलं होतं.

घरी आम्ही तिन्हीसांजेला पोहोचलो. मी पुढे, दत्तोबा मागे, तांगा अर्जुनरावांच्या दारात ठेवलेला. सोजराबाईने त्याच्या खांद्यावरची झूल पाहिली आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली नाही.

"म्या बी पदर असाच वढून घेत हुते," ती म्हणाली. "थोरल्या लेकीचं बाळंतपण घरात, आन म्या तिची आई बी पोटुशी. लोक हासतील म्हून. गवताचं भारं वाहिलं शेवटच्या दिसापातुर. तुमाला ठावं हुतं. तुमी बी लाजला आन गप ऱ्हायला. पोरगं निळं पडून आलं. मला कुनी एका सबदानं इचारलं न्हाई, का गं, जड जातंय का?"

तर हे होतं तिच्या गप्प राहण्यामागे. इतकी वर्षं मला कुतूहल होतं, आणि कळलं तेव्हा वाटलं, कळलं नसतं तर बरं. दत्तोबा उंबऱ्यावर बसला आणि रडला. मोठा माणूस रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टँडवर जाऊन स्वतःच सगळं सांगून टाकलं. कोंडाजी आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "तुझा नंबर म्या धरतो. सांजच्या येळी माझा तांगा तू हाक." जमालगोट्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

मला आराम मिळाला. सकाळ-संध्याकाळ सोजराबाई मला नदीपर्यंत फिरवून आणायची. हिरवा लसूणघास मिळाला, तळवड्याहून इंदूने धाडलेला हरभरा मिळाला. लाथा परत आल्या. पाडव्याच्या गुढ्या उतरल्यानंतर काही दिवसांनी माझी कास भरली आणि एके दुपारी वेणा सुरू झाल्या.

मित्रांनो, ते सोपं गेलं नाही. मी उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. डॉक्टर आले तेव्हा मी आडवी पडले होते. त्यांनी हात घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"शिंगराचा पुढचा पाय आत दुमडलाय," ते म्हणाले. "तसाच जोराने ओढला तर शिंगरू मिळेल, पण घोडी फाटेल. पाय आधी सरळ करत बसलो तर घोडी वाचेल, पण तेवढ्यात शिंगरू गुदमरेल. दत्तोबा, मला लवकर सांगा."

दत्तोबा सोजराबाईकडे वळला.

"तू सांग," तो म्हणाला. "तू म्हनशील तसं."

सोजराबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे मी अगदी जवळून पाहिले. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"चवळी वाचवा," ती म्हणाली. "पर डाक्टर, हात लौकर चालवा."

डॉक्टरांनी हात लवकर चालवला. किती वेळ गेला मला माहीत नाही. पाय सुटला, आणि ज्याची मी इतके महिने चौकशी करत होते ते बाहेर आलं. काळं, ओलं, लांब पायांचं, आणि निपचित. दत्तोबाने तोंड फिरवलं. सोजराबाईने फिरवलं नाही. तिने त्याच्या नाकपुड्या बोटांनी साफ केल्या, गवताच्या चुडीने छाती घासली, घासतच राहिली. "आरं ये की, ये की," असं म्हणत होती. मीही मान लांब करून चाटू लागले. कसं चाटायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग ते शिंकलं.

सोजराबाईने त्याला छातीशी धरलं आणि इतकी मोठ्याने रडली की शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. मी त्याला हुंगलं. वास अगदी माझ्या ओळखीचा होता. म्हणजे इतके दिवस लाथा मारणारी ती हीच. हो, घोडी होती. ती आधी दत्तोबाच्या धोतराला तोंड लावून आली, मग भिंतीला, आणि शेवटी तिला मी सापडले.

आता मी तांगा ओढत नाही. पोरगी दिसेल त्या गोष्टीत नाक खुपसते, त्यामुळे ती कोणावर गेली हे कोणाला विचारावं लागत नाही. दत्तोबाने अजून तिला झापडं बांधलेली नाहीत. बसगाड्या वाढल्या आहेत, तिच्या नशिबी तांगा असेल की नाही कोणास ठाऊक.

मित्रांनो, तुमच्या दारात गाय असेल, बैल असेल, माझ्यासारखी एखादी म्हातारी घोडी असेल. घरात माणसंही असतील, न बोलता ओझी उचलणारी. त्यांचं काय दुखतं याचे अंदाज बांधत बसू नका. जवळ जा, हात ठेवा आणि विचारा. आम्हाला उत्तर देता येत नाही, पण विचारलेलं कळतं.

आमच्या घरी दत्तोबा आता रोज संध्याकाळी चुलीपाशी जाऊन विचारतो, "सोजरे, दमलीस का गं?"

"न्हाई वं," ती म्हणते. आणि मग त्याच्याशी बोलत बसते, बराच वेळ.